भिवंडी तेव्हा शांत कशी राहिली?

तर मंडळी, आजचा विषय कम्युनिटी पोलिसिंग. म्हणजे गुन्हा घडल्यावर धावत येण्याऐवजी पोलिसांनी आधीपासूनच वस्तीशी ओळख ठेवायची.

भिवंडीचंच बघा ना. 1970 आणि 1984 मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. मग 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. हिंदू, मुस्लिम शेजारी आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. फायदा काय? अफवा आली, की खरं-खोटं विचारायला ओळखीचा माणूस होता. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली!

पुढे मुंबईतही अशा कमिट्या झाल्या. ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी, सुशोभा बर्वे त्यात पुढे होते. पण हे काम दंगलीच्या रात्री सुरू करून चालत नाही. तुमच्या एरियातला बीट हवालदार तुम्हाला ओळखतो का?