कातिबाच्या घरातली अपडेटची बातमी

रमजानचा चाँद दिसण्याच्या पंधरा दिवस आधीपासून उर्दू छपाईच्या दुकानांत गर्दी सुरू होते. मशिदींना, किराणा दुकानदारांना, सोनारांना सहरी आणि इफ्तारच्या वेळांची कार्डे हवी असतात. पहाटे खाणे कधी थांबवायचे आणि संध्याकाळी रोजा कधी सोडायचा, हे तीस ओळींत सांगणारे हे कार्ड घराघरांत फ्रिजवर नाहीतर दाराआड चिकटवलेले दिसते.

अशाच एका दुकानात वडील आणि मुलगा बसतात. वडील साठीच्या पुढचे. एके काळी कातिब होते, म्हणजे छपाईसाठी बोरूने मजकूर लिहून देणारे. मुलगा तेच काम संगणकावर करतो. क्रिकेट, मुशायरे आणि जुनी गाणी यांची गोडी दोघांना सारखीच. मुलाला मात्र आणखी एक नाद आहे. तरावीहची नमाज आटोपली की तो सॉफ्टवेअरच्या बातम्या वाचत बसतो. कोणत्या फोनची नवी आवृत्ती आली, तिच्यात फाँटचे काय झाले, की-बोर्ड सुधारला का. "आज क्या नया तमाशा है?" असे वडील रोज विचारतात आणि उत्तर लक्ष देऊन ऐकतात.

कारण हा त्यांच्या अक्षराचा प्रश्न आहे. उर्दू ज्या वळणात लिहिली जाते त्याला नस्तालिक म्हणतात. अरबी छपाईतले नस्ख वळण एका ओळीवर सरळ बसते. नस्तालिकमधला शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. शेजारी कोण आहे त्यावर प्रत्येक अक्षराचा आकार बदलतो. हे खिळ्यांच्या छपाईला कधी धड जमले नाही, म्हणूनच जगात बहुतेक भाषांचे टाइप तयार झाले तरी उर्दू वर्तमानपत्रे हातानेच लिहिली जात होती. चेन्नईचे 'द मुसलमान' हे 1927 साली सुरू झालेले दैनिक तर संगणक आल्यावरही कातिबांच्याच हातचे राहिले.

वाट काढली पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी. अक्षरे सुटी जोडण्याऐवजी त्यांनी जोडलेले आकारच एकेक करून लिहून काढले, सुमारे वीस हजार! मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर त्यांतून 'नूरी नस्तालिक' उभे राहिले आणि 1981 मध्ये लाहोरच्या 'जंग' दैनिकाने ते वापरले. पुढे 1994 मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरचे 'इनपेज' आले आणि गल्लीतल्या छापखान्यापर्यंत हे वळण पोहोचले. कातिबांचे काम गेले ते याच वळणावर. या दुकानातल्या वडिलांनी पहिले सहा महिने संगणकाकडे पाठ करून काढले, असे मुलगा हसत सांगतो. वडील ते नाकारतात. त्यांच्या मते तीनच महिने.

मग मोबाइल आला आणि गाडी पुन्हा मागे गेली. फोनवर उर्दू दिसायची, पण नस्खमध्ये. वाचता येई, पण शेजाऱ्याच्या अंगातला सदरा घातल्यासारखी. विंडोजने 2012 मध्ये नस्तालिक फाँट दिला, गुगलने 2014 मध्ये 'नोटो नस्तालिक' काढला, आयफोनवर ते 2017 मध्ये आले. अशी एकेक बातमी या दुकानात सणासारखी साजरी झाली. स्वस्त फोनांवर आजही बऱ्याचदा नस्खच दिसते. म्हणून शुभेच्छा असोत की वेळापत्रक, उर्दू मजकूर व्हॉट्सॲपवर चित्र होऊन फिरतो. चित्रातले शब्द शोधता येत नाहीत, उचलून दुसरीकडे टाकता येत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ते धड वाचूनही दाखवत नाही.

मराठी वाचकाला हे दुखणे परके वाटू नये. दर्या आणि दऱ्या यांतला फरक दाखवणारा 'ऱ' न सापडल्याने किती जणांनी डोंगरात समुद्र लिहिला असेल! (दर्या हा शब्द मुळात फारसीच, ही आणखी एक गंमत.) 'ॲप'मधला 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून 2008 मध्ये आला. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' अनेक फोनांवर अजून हिंदी थाटातच दिसतात.

पण दिसण्यापेक्षाही गुंता आतला आहे. अरबी 'काफ' आणि उर्दू 'काफ' शब्दात डोळ्यांना जवळपास सारखेच, 'ये'चेही तसेच. संगणकाला मात्र ती वेगळी अक्षरे. गेल्या रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या रेशन किटची यादी उर्दूत केली होती. कुणीतरी अरबी की-बोर्डवरून 'करीम' लिहिले, वाटपाच्या दिवशी उर्दू की-बोर्डवरून नाव शोधले, आणि यादीत असलेले कुटुंब 'सापडत नाही' म्हणून परत गेले. दोन दिवसांनी चूक लक्षात आली. पिठाची पिशवी आणि खजूर घेऊन मुलगा स्वतः त्या घरी गेला. चहा मिळाला, पण त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा संकोच त्याला अजून आठवतो. तेव्हापासून प्रत्येक यादी तो आधी एका छोट्या प्रोग्रॅममधून काढतो, म्हणजे दोन्ही 'काफ' एक होतात.

यंदाचे वेळापत्रक त्याने चित्र म्हणून तर दिलेच, शिवाय साधा मजकूर म्हणूनही पाठवले. वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला, अंगठ्याने पडदा सरकवत तीसही ओळी पाहिल्या आणि म्हणाले, "बडी ये की दुम कट गई है." खरेच, ओळीची उंची कमी पडल्याने अक्षराचा खालचा भाग कापला जात होता. मुलाने त्याचा फोटो काढला आणि ॲपच्या कंपनीकडे तक्रार लिहायला घेतली. सहरीला दोन तास उरले होते.