पाणबुड्याचा बोया

रेवसपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावरील कोळ्यास बोया म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. डोल जाळें दोरांनीं समुद्रतळाशीं जखडलेलें असतें आणि त्याची खूण म्हणून वर एखादें पिंप तरंगत असतें. तें दिसतांच दुसरा तांडेल आपली होडी वळवितो. श्वसनयंत्र घेऊन पाण्याखालीं उतरणाऱ्या पाणबुड्यानेंहि हीच भाषा शिकावयास हवी. कारण त्याच्या बोयाखालीं त्याचा जीव असतो.

मालवण-तारकर्लीच्या मानानें रायगडचें पाणी गढूळ. धरमतर, राजपुरी या खाड्यांचा गाळ त्यांत मिसळतो. वर लाटा असल्या, म्हणजे पाण्याबाहेर आलेलें मनुष्याचें डोकें नारळाएवढेंहि दिसत नाहीं. त्यांतून मासेमारीच्या यांत्रिक होड्या आणि मांडव्याच्या लाँची यांची ये-जा. शिवाय २०२० पासून मोटारी वाहून नेणारी मोठी बोटहि तेथें येते. ओहोटीची ओढ ताशीं १ सागरी मैल असली, तरी १० मिनिटांत ती मनुष्यास सुमारें ३०० मीटर दूर नेते. सोबतच्या होडीनें मग त्याला शोधावें कोठें?

यावर उपाय म्हणजे नारिंगी रंगाची, हवेनें फुगणारी लांबट पिशवी. तिची दोरी पाणबुड्याच्या हातांतील फिरकीवर गुंडाळलेली असते. कोणी ती प्रथमपासून वर तरंगत ठेवतात; कोणी परततांना खालून सोडतात. ही दुसरी रीत सोपी दिसते, परंतु खरा अभ्यास तिलाच लागतो.

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथें भरलेली हवा वर पोहोंचेपर्यंत दुप्पट जागा व्यापते. म्हणून पिशवी अर्धवटच भरावी. एक लिटर हवा सुमारें एक किलो वजन उचलते. दोरी अडकली, तर पिशवी मनुष्यासहि वर खेंचूं लागते. अशा वेळीं फिरकी तात्काळ सोडून द्यावी; दोरी अंगास कधींहि बांधूं नये. पिशवीप्रमाणें छातींतील हवाहि वर येतांना फुगते. श्वास रोखला, तर फुप्फुसें फाटण्याचें भय असतें. मिनिटास ९ मीटरांहून अधिक वेगानें वर येऊं नये, आणि ५ मीटरांवर ३ मिनिटें थांबावें.

ही विद्या जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं प्रथम तलावांत, मग भांगाच्या दिवसांत शांत पाण्यांत शिकावी. हात आपोआप चालूं लागेपर्यंत खोल पाण्यांत तिचा प्रयोग करूं नये. डोल जाळ्यांच्या जवळपास तर उतरूंच नये. तेथें दोरी गुंतली, तर सुटका कठीण.

आणि एक गोष्ट बुडी मारण्यापूर्वींच करावी. बंदरावरील कोळीबांधवांस हा नारिंगी बोया दाखवावा व त्याचा अर्थ समजावून द्यावा. नाहीं तर वाहून आलेली कोणाची तरी खूण समजून एखादा भला माणूस ती ओढून होडींत घ्यावयाचा! पाहणाऱ्यास उमगेल, तेव्हांच खुणेचा उपयोग.