छंद : वाचन

मुलाखतीच्या तयारीसाठी कुणी आले, की मी आधी त्याला त्याचाच अर्ज वाचायला लावतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखीचे गुण १७५०, मुलाखतीचे २७५. आणि दिल्लीच्या धोलपूर हाऊसमध्ये बरेचसे प्रश्न या अर्जातूनच फुटतात.

लातूरकडच्या एका मुलीने लिहिले होते, ‘छंद : वाचन’. खुल्या गटाला संधी सहाच. तिची ही सहावी. मी विचारले, शेवटचे पुस्तक कोणते? ती गप्प. मग म्हणाली, ‘‘सर, छंदाला वेळ कुठला? आई भाजी विकते, हिशेब मी ठेवते.’’

‘‘मग तेच सांग की!’’

पहाटे लिलाव कसा होतो, अडत कुणाच्या खिशातून जाते, उरलेल्या मेथीचे काय होते, हे तिने असे सांगितले की मीच विद्यार्थी झालो. गाईडबुकात हे कुठून असणार?

खासगी कंपनीत मुलाखतीनंतर आभाराच्या दोन ओळी धाडाव्यात. आयोगाकडे मात्र वशिला लावू पाहणारे मामा-काका आधी आवरावेत. त्यापायी उमेदवारीच रद्द होऊ शकते.

परवा तिचा फोन आला. मुलाखत झाली, निकाल यायचाय.

‘‘तोवर आईसोबत बसतेय, सर. मेथी महागलीय.’’