मालकाशी काडीमोड

नोकरीवर रुजू होताना कुणी साहेबाचा मुका घेतं का? हसू नका! 900 वर्षांपूर्वी युरोपात हे चारचौघांत, थाटामाटात चालायचं.

चला, ब्रुजला जाऊ. आजच्या बेल्जियममधलं हे शहर. साल 1127, महिना एप्रिल. फ्लँडर्स या मुलखाचा धनी काउंट चार्ल्स याचा मार्चमध्ये चर्चमध्ये प्रार्थना करतानाच खून झाला. आता विल्यम क्लिटो हा तरणाबांड काउंट गादीवर आलाय. एकेक सरदार पुढे येतो. काउंट विचारतो, पुरता माझा माणूस होतोस का? सरदार हो म्हणतो आणि हात जोडतो. काउंट ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरतो. मग मुका! मग संतांच्या अवशेषांवर इमानाची शपथ. शेवटी काउंट हातातल्या छडीने त्याला जमिनीचा हक्क बहाल करतो.

हे आपल्याला सांगितलं गाल्बर्ट नावाच्या कारकुनाने. गावात हाणामारी चाललेली, आणि हा पठ्ठ्या मेणाच्या पाट्यांवर टिपणं काढतोय!

एवढा खटाटोप कशाला? अरे, पगाराला रोकड कुठे होती? म्हणून जमीन द्यायची. बदल्यात सरदाराने घोडा-चिलखत घेऊन लढायला यायचं, बऱ्याच ठिकाणी वर्षाला 40 दिवस, तेही पदरमोड करून. त्या जमिनीत राबायचं मात्र कुळांनी. त्यांना कोण विचारतो! इंग्लंडमधल्या रोलंड नावाच्या विदूषकाची अट तर भलतीच होती. जमिनीच्या मोबदल्यात दर नाताळात राजापुढे एक उडी, एक शिट्टी आणि एक... पाद! खोटं नाही, सरकारी दप्तरात तशी नोंद आहे.

मला या साऱ्यात आवडते ती वेगळीच गोष्ट. शपथ घ्यायची सरदाराने, पण बांधला जायचा मालकही. त्याने रक्षण करायचं, न्याय द्यायचा. शब्द मोडला, तर गवताची काडी उचलून खाली टाकायची. संपलं नातं!

आता क्लिटोचंच बघा. त्याने ब्रुजकरांना जकात माफ केली होती. काही महिन्यांतच तो ती परत मागू लागला. झालं! 1128 मध्ये गेंट शहरात इवान नावाच्या सरदाराने त्याला सर्वांदेखत सुनावलं, की शब्द पाळायचा नसेल तर चालता हो. लोकांनी थिएरी नावाचा दुसरा काउंट आणला. क्लिटो लढत राहिला, पण जुलैमध्ये आल्स्टच्या वेढ्यात जखमी होऊन मेला. थिएरी मात्र 1168 पर्यंत गादीवर टिकला.