कंडेन्सेटवर चालणारा गारवा

संकेश्वर-निपाणी पट्ट्यात गाळप सुरू झालं की साखर कारखान्यात गरम पाण्याला तोटा नसतो. उसात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. रस आटवताना त्याची वाफ होते आणि ती निवून जे पाणी मिळतं ते कंडेन्सेट, बरेचदा ८०-९० अंश सेल्सिअसचं. त्यावर खोल्या गार करता येतात.

त्यासाठी व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन लागतं, म्हणजे वाफ शोषून गारवा देणारं यंत्र. पुण्याची थर्मॅक्स कंपनी ती बनवते. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्ट वाफेला मात्र आपण हात लावू नये. ती रस आटवायलाच हवी असते.

यंत्रातल्या पहिल्या भांड्यातली हवा काढून टाकलेली असते. तिथे पाणी ५ अंशांनाच उकळतं. त्यासाठीची उष्णता ते नळ्यांतल्या पाण्यातून घेतं. नळ्यांतलं पाणी ७ अंशांपर्यंत गार होऊन खोल्यांकडे जातं.

वाफ साठली तर उकळणं थांबेल. म्हणून शेजारी लिथियम ब्रोमाइड या क्षाराचं दाट द्रावण शिंपडतात. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओल धरतं, तसं ते वाफ ओढून घेतं.

पातळ झालेलं द्रावण पंपाने पुढच्या भांड्यात जातं. तिथे कंडेन्सेटची उष्णता त्यातलं पाणी वाफ करून सोडवते आणि द्रावण पुन्हा दाट होतं. सुटलेली वाफ कूलिंग टॉवरच्या पाण्याने निवते आणि पाणी होऊन पहिल्या भांड्यात परतते. कॉम्प्रेसर नाही, वीज लागते ती मुख्यतः पंपांना आणि टॉवरच्या पंख्याला.

१० टनांच्या यंत्राला ३५ किलोवॉट गारव्यासाठी साधारण ५० किलोवॉट उष्णता लागते. कंडेन्सेट ९० वरून ८० अंशांवर उतरवायचं, तर ताशी सुमारे ४,३०० लिटर. टॉवरने मात्र दोन्ही मिळून ८५ किलोवॉट बाहेर टाकायचे असतात. नेहमीच्या एसीच्या हिशोबाने टॉवर घेतला की तो निम्माच पडतो. बोअरचं जड पाणी वापरलं तर नळ्यांवर क्षार बसतात.

हवेची बारीक गळतीही गारवा घालवते. त्याहून त्रासाचं म्हणजे अचानक वीज जाणं. दाट द्रावण तसंच निवलं तर त्याचे खडे होऊन मार्ग तुंबतो. बंद करण्याआधी ते पातळ करावं लागतं, म्हणून पंपांना जनरेटर हवाच.

दूध ४ अंशांवर न्यायचं असेल तर हे यंत्र घेऊ नये. त्याला अमोनिया-पाण्याची जोडी लागते. फ्रान्सच्या फर्दिनांद कारे यांनी १८५९ मध्ये तिच्यावर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं.

आणि गाळप उन्हाळ्याच्या तोंडावर संपतं, तेव्हा कंडेन्सेटही थांबतं. म्हणून आधी हंगामातच गारवा लागणाऱ्या जागा मोजाव्यात: कंट्रोल रूम, प्रयोगशाळा, विजेच्या पॅनेलची खोली. एप्रिल-मेसाठी साठवलेल्या बगॅसवरचा (उसाच्या चोथ्यावरचा) बॉयलर किंवा सौर तापक यांचा खर्च वेगळा धरावा.