स्पीकर जळतो तो आकड्यांच्या चुकीने

गणेशोत्सवाच्या मंडपात कार्यक्रम ऐन रंगात असताना एका बाजूचा आवाज अचानक बंद पडावा आणि स्पीकरची कॉइल जळाल्याचा वास यावा, हा अनुभव साउंडवाल्यांना नवा नाही. खापर बहुधा स्पीकरवर फुटते. दोष मात्र अनेकदा असतो तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये न भरलेल्या किंवा चुकीच्या भरलेल्या आकड्यांचा.

पूर्वी क्रॉसओव्हर, इक्वलायझर, लिमिटर ही यंत्रे रॅकमध्ये स्वतंत्रपणे लावावी लागत. आता अनेक व्यावसायिक अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच ‘डीएसपी’, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर असतो. स्पीकरच्या निर्मात्याने त्यासाठी तयार प्रीसेट दिला असेल तर तोच वापरणे शहाणपणाचे. तो नसेल तेव्हा मात्र सारी मांडणी स्वतः करावी लागते.

आरंभ क्रॉसओव्हरपासून होतो. बेस आणि टॉप यांची वाटणी साधारणतः १०० हर्ट्झच्या आसपास करतात. बेसच्या खोक्याला खालूनही कुंपण हवे. पोर्ट असलेल्या खोक्यात ठरावीक मर्यादेखाली हवेचा आधार सुटतो आणि कोन बेफाम हलू लागतो; १८ इंची बेसला म्हणूनच सुमारे ३० ते ३५ हर्ट्झवर ‘हाय-पास’ लावतात.

खरी कसोटी लिमिटरची. तो कानाने नव्हे, गणिताने लावायचा असतो. स्पीकर ५०० वॅटचा आणि ८ ओहमचा असेल, तर दोहोंच्या गुणाकाराचे, म्हणजे ४,०००चे वर्गमूळ सुमारे ६३ येते. म्हणजे ६३ व्होल्ट ही त्याची सरासरी मर्यादा. ८ ओहमला १,२०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर मात्र ९८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. हा फरकच कॉइल जाळतो. असे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, वॅटचा हिशेब दुप्पट होतो. व्होल्ट मात्र ६३च राहतात. नेमके इथेच जाणकारही फसतात आणि लिमिटर विनाकारण वर सरकवतात. उष्णतेपासून वाचवणारा आरएमएस लिमिटर सावकाश काम करणारा असावा, कोनला झटक्यापासून वाचवणारा पीक लिमिटर तत्काळ.

इक्वलायझरमध्ये वाढवण्यापेक्षा कमी करणे बरे. एखादा पट्टा ३ डेसिबलने वाढवला की त्या पट्ट्यात दुप्पट वॅट लागतात.

लांब सभागृहात किंवा मैदानात मागच्या श्रोत्यांसाठी वेगळे स्पीकर लावले, की ‘डिले’चा प्रश्न येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. मंचापासून २० मीटरवरील स्पीकरला ५८ मिलिसेकंद उशीर दिला नाही, तर मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि भाषण कळेनासे होते. त्यात आणखी दहाएक मिलिसेकंद मिळवले, की आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. कानाचा हा गुण हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये प्रबंधात मांडला होता.

स्पीकर वाचवणारा लिमिटर शेजाऱ्यांचे कान वाचवतोच असे नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २०००नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ती तपासायला जागेवर मीटरच लागतो. आकडे पक्के झाले की बहुतेक यंत्रांत पासवर्डचे कुलूप लावता येते. कार्यक्रमाच्या दिवशी उत्साही कार्यकर्त्यांचा हात थेट लिमिटरपर्यंत पोहोचत नाही, तो त्यामुळेच.