डोळ्यातली बारीक चाळण

गालावर ओघळतात ते अश्रू. पण डोळ्याच्या आतही एक पाणी अखंड वाहत असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. रंगीत पडद्यामागे ते मिनिटाला जेमतेम २ ते ३ मायक्रोलिटर तयार होते, बाहुलीतून पुढे येते आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातून निचरून जाते.

हा कोपरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तिथे चाळण दिसते. तंतूंच्या बारीक पट्ट्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीवर पेशींचे पातळ अस्तर. आतल्या बाजूची छिद्रे मोठी, पुढे ती लहान होत जातात. शेवटचा थर सर्वांत दाट. त्यापलीकडे श्लेमचा कालवा आहे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिख श्लेम यांनी १८३० साली त्याचे वर्णन केले. तिथून पाणी शिरांवाटे रक्तात मिसळते. अस्तराच्या पेशी अडकलेला कचरा गिळून चाळण साफ ठेवतात. वयाबरोबर या पेशी घटतात.

निचरा मंदावला की डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टीची नस सुकू लागते. हाच काचबिंदू. बहुधा तो दुखत नाही. नजर कडेकडून गुपचूप जाते.

“मोतीबिंदूच असेल, पिकू द्या,” असे आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो. मोतीबिंदू काढल्यावर बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही, उपचाराने उरलेली तेवढी राखता येते. म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर भावंडांनी आणि मुलांनी आधीच. स्टेरॉइडचे थेंब मनाने घालू नयेत. त्यांनीही दाब वाढतो.